हुशार आहे, पण वाचता येत नाही

चौथीतल्या मुलाची मराठीची वही. वर तारीख आणि वार, खाली पट्टीने मारलेली रेघ. पहिला शब्द ‘दिवस’. तो ‘दवीस’ असा उतरलाय. ‘चंद्र’चा ‘चद’ झालाय, ‘सूर्य’वरचा रफार गायब आहे, ‘पुस्तक’मधल्या स आणि त यांनी जागा बदलल्यात. एका ओळीत ‘घर’ आहे, दुसऱ्या ओळीत त्याचंच ‘धर’. खोडून खोडून कागद दोन ठिकाणी फाटलाय. तळाशी लाल शाईत एकच शेरा: ‘अक्षर सुधारा’. अशी एखादी वही महाराष्ट्रातल्या जवळपास प्रत्येक प्राथमिक शाळेत सापडते. त्याच मुलाला तोंडी विचारा, सोयाबीनला काय भाव लागला, मोटार का सुरू होत नाही, कालच्या कीर्तनात कोणती गोष्ट सांगितली. सगळं तो बिनचूक सांगतो. पुस्तक हातात दिलं की मात्र मान खाली जाते.

पुसेगाव म्हटलं की अनेकांना साताऱ्याकडची सेवागिरी महाराजांची यात्रा आठवेल. इथे बोलायचं आहे ते हिंगोली जिल्ह्यातल्या, सेनगाव तालुक्यातल्या पुसेगावाबद्दल. सोयाबीन, तूर आणि हळदीचा हा मुलूख. नामदेव महाराजांचं नर्सी याच भागातलं. अशा गावात या मुलाबद्दल काय बोललं जातं ते सगळ्यांनी ऐकलेलं असतं. ‘ध्यानच देत नाही.’ ‘मोबाईलनं वाया गेलं पोरगं.’ ‘लाडानं बिघडवलं आईनं.’ आणि हमखास निघणारं एक वाक्य, ‘याचा बापही असाच होता.’

या सगळ्यांत खरं ठरण्याची शक्यता आहे ती फक्त शेवटच्या वाक्याची. अध्ययन अक्षमता घराण्यात उतरते. आईला किंवा वडिलांना वाचनाची अशी अडचण असेल तर मुलाला ती असण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास जाते, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. म्हणजे बापाने शाळा सोडली, ती त्याला कळत नव्हतं म्हणून नसेलही. त्याच्या मेंदूला अक्षर आणि आवाज यांची सांगड घालायला जास्त मेहनत पडत होती आणि तेव्हा हे ओळखणारं कोणी नव्हतं, असंही असेल. बुद्धी इतरांइतकीच, कधी जास्तही. डोळे चांगले, कान चांगले, शाळेत हजेरी आहे, आणि तरीही वाचन, लेखन किंवा गणित वयाच्या मानाने कितीतरी मागे, अशी ही अवस्था. वाचनाच्या अडचणीला डिस्लेक्सिया म्हणतात, लेखनाच्या अडचणीला डिसग्राफिया, गणिताच्या अडचणीला डिसकॅल्क्युलिया. पुष्कळ मुलांत दोन-तीन एकत्र असतात. हा मतिमंदपणा नव्हे. गावात मात्र ‘दाखला’ म्हटलं की तोच एक दाखला डोळ्यांपुढे येतो आणि घरचे दार लावून घेतात.

मराठी या मुलांची परीक्षा कशी पाहते, ते जरा जवळून बघायला हवं. ‘दिवस’मधली पहिली वेलांटी कागदावर दच्या आधी येते, उच्चारात नंतर. र हे एकच अक्षर ‘कर्म’मध्ये डोक्यावर चढतं, ‘क्रम’मध्ये पोटाखाली जातं, ‘राष्ट्र’मध्ये दोन तिरक्या रेघांचं होतं आणि ‘सुऱ्या’मध्ये आणखी निराळं दिसतं. घ आणि ध, भ आणि म यांच्यात फरक इवल्याशा गाठीचा. साध्या मुलालाही बाराखडी आणि जोडाक्षरं पक्की व्हायला तीन-चार वर्षं लागतात. अक्षमता असलेल्या मुलाला प्रत्येक शब्द जणू नव्याने सोडवावा लागतो.

अंकांचंही तेच. ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी येतात, लिहिताना दोन आधी. ‘एकोणऐंशी’ हा शब्द ऐकून सात आणि नऊ लिहायचे. २०१९च्या जून महिन्यात बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’ असं वाचन दिलं, तेव्हा राज्यभर केवढा गदारोळ उठला! मराठी भाषा बुडाली, अशी ओरड झाली. समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की जुने शब्द काढलेले नाहीत, लहान मुलांना संख्या समजायला सोपं जावं म्हणून दुसरी वाट दिली आहे. त्या वादात विनोद पुष्कळ झाले. ज्या मुलाला ‘सदुसष्ट’ आणि ‘शहात्तर’ यांचा उलगडा सातवीतही होत नाही, त्याच्या आईला मात्र कोणी विचारलं नाही. एखाद्या गावात अशा दहा आया एकत्र असत्या, तर त्यांना या वादात सांगण्यासारखं खूप होतं.

एकत्र येण्याचा हा मुद्दाच मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण या विषयाचा इतिहास डॉक्टरांनी जितका घडवला तितकाच आईबापांनी घडवला आहे. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरने पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापली. मुलगा चलाख, खेळात तरबेज, पण वाचता येईना. त्याच्या शिक्षकांचं मत होतं की सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता. त्यानंतर कितीतरी दशकं हा विषय वैद्यकीय नियतकालिकांत आणि मोजक्या तज्ज्ञांकडेच राहिला. मुलांना ‘मेंदूला इजा झालेली’, ‘आकलनात अधू’ अशी नाना लेबलं लागत राहिली.

६ एप्रिल १९६३ रोजी शिकागोत एक सभा भरली. बोलावणारे पालक होते. अमेरिकेच्या वेगवेगळ्या भागांत आपापल्या मुलांसाठी छोटे छोटे गट चालवून थकलेले आईबाप. त्यांनी सॅम्युअल कर्क या मानसशास्त्रज्ञाला भाषणाला बोलावलं. मेंदूत काय बिघडलंय याची लेबलं शिकवायला उपयोगी पडत नाहीत, असं सांगून कर्क यांनी ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ हा शब्द त्यांच्यापुढे ठेवला. सभेने तो उचलला आणि पालकांनी त्याच नावाने देशव्यापी संघटना उभारायचं ठरवलं. १९६४ साली ती उभी राहिली. पुढे अमेरिकेत या मुलांसाठी कायद्यात जे काही आलं, त्यामागे या संघटनेचा पाठपुरावा होता. आपण ‘अध्ययन अक्षमता’ म्हणतो ते नाव पालकांच्या बैठकीतून जगभर गेलं आहे.

आपल्याकडे हीच वाट मुंबईत उघडली. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातल्या बालरोग विभागाने अशा मुलांची तपासणी सुरू केली. डॉ. सुनील कारंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या मुलांवर आणि त्यांच्या पालकांवर वर्षानुवर्षं अभ्यास केले, निदान कळतं त्या वेळी आईची मनःस्थिती काय असते यावरसुद्धा. १९९६ साली महाराष्ट्र सरकारने शालान्त परीक्षेत या मुलांना सवलती दिल्या. जास्तीचा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, एका भाषेऐवजी दुसरा विषय. देशात हे पाऊल आधी टाकलं ते महाराष्ट्राने. त्याच वर्षी काही पालक आणि तज्ज्ञ मिळून महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन उभी राहिली. मद्रासमध्येही नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पालकांच्या पुढाकाराने अशी संस्था सुरू झाली होती. जवळच्याच क्षेत्रातलं आणखी एक नाव घ्यायला हवं. नाशिकच्या रजनीताई लिमये. स्वतःच्या मुलासाठी शाळा शोधता शोधता त्यांनी १९७७ मध्ये मतिमंद मुलांसाठी प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केलं. तिथेही आरंभ एका आईने केला.

२००७ च्या डिसेंबरमध्ये ‘तारे जमीन पर’ आला आणि डिस्लेक्सिया हा शब्द घराघरांत पोचला. त्या चित्रपटाचे उपकार मोठे आहेत. पण एक चुकीची समजूतही त्याने नकळत रुजवली असं मला वाटतं. वसतिगृहात एक देवमाणूस शिक्षक भेटतो आणि मुलाचं नशीब पालटतं, ही ती समजूत. तसा शिक्षक मिळाला तर सोन्याहून पिवळं. पण सेनगाव तालुक्यातल्या मुलाने त्याची वाट किती वर्षं बघायची? मुंबईतल्या आणि शिकागोतल्या पालकांनी तशी वाट बघितली नाही.

कायदा आता पुसेगावातल्या मुलालाही तेवढाच लागू आहे. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले, त्यांत अध्ययन अक्षमता आहे. मुलांमधली अध्ययन अक्षमता लवकरात लवकर शोधून त्यावर योग्य अध्यापनाचे उपाय करण्याची जबाबदारी या कायद्याच्या १६ व्या कलमाने शाळांवर टाकली आहे. जानेवारी २०१८ मध्ये केंद्र सरकारने तपासणीची पद्धत जाहीर केली. तिच्यात पहिली पायरी शाळेची आहे. मूल तिसरीत असताना किंवा आठ वर्षांचं झाल्यावर, जे आधी येईल तेव्हा, शिक्षकांनी प्राथमिक चाचपणी करायची, मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली समिती असायची आणि शंका असेल त्या मुलाला पुढे पाठवायचं. मग बालरोगतज्ज्ञ डोळे, कान आणि मज्जासंस्था तपासणार, मानसशास्त्रज्ञ बुद्ध्यांक आणि वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या घेणार. प्रमाणपत्र आठ वर्षांनंतरच मिळतं. चौदाव्या आणि अठराव्या वर्षी फेरतपासणी होते.

कागदावर हे नीट आहे. गावात अडतं कुठे? अडतं ते प्रत्येक पायरीवर एकेकटी आई उभी असते म्हणून. शिक्षकांकडे जायचं तर ‘आमचं पोरगं कमी आहे’ असं आपणच सांगितल्यासारखं वाटतं. जिल्ह्याला जायचं म्हणजे एका दिवसाची मजुरी, गाडीभाडं आणि मुलाची शाळा, तिन्ही बुडतात. पहिल्या खेपेला डोळ्यांचे डॉक्टर भेटतात, मानसशास्त्रज्ञ भेटत नाहीत. दुसऱ्या खेपेला शाळेचं पत्र राहिलेलं असतं. तिसरी खेप होत नाही. २०२४ मध्ये हिंगोलीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. त्यामुळे तज्ज्ञ जवळ येतील, ही आशा खोटी नाही. पण तज्ज्ञ जिल्ह्याला येऊन बसला तरी गावातून त्याच्यापर्यंत मुलाला नेणारं बळ गावातच लागतं.

आणि गटाने बसायची सवय आपल्या गावांना नवी नाही. बायका बचत गटात बसतात, हप्ता गोळा करतात, कर्ज कोणाला द्यायचं यावर भांडतात आणि निर्णय घेतात. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असायला हवेत आणि निम्म्या स्त्रिया. २०२२ पासून ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारी अभियानात पहिलीत येणाऱ्या मुलांच्या आयांचे माता गट बसवले गेले, एकेका गटाला एक लीडर माता. चित्रांच्या कार्डांवरून घरी मुलाकडून काय करून घ्यायचं हे त्या आया आठवड्याला एकत्र बसून शिकल्या. ते गट मूल पहिलीत गेलं की विरतात. माझं म्हणणं इतकंच आहे की तिसरीत पोचलेल्या आणि अजून न वाचणाऱ्या मुलांसाठी हीच बैठक पुन्हा भरवता येईल. त्यासाठी नव्या संस्थेची, इमारतीची, निधीची वाट बघायचं कारण नाही.

अशा गटात पहिलं काम बोलण्याचं. एक बाई म्हणते, ‘आमचा रोज पोट दुखतं म्हणतो, शाळेच्या टायमालाच.’ दुसरी म्हणते, ‘आमची तर वही लपवून ठेवती.’ तिथपर्यंत दोघींनाही वाटत असतं की हे आपल्याच घरात आहे आणि आपल्याच चुकीमुळे आहे. मारणं कमी होतं ते इथे. कोणी उपदेश केला म्हणून नव्हे. शेजारणीचं मूलही तसंच आहे आणि तीही त्याला मारून दमली आहे, हे कळल्यावर हात आपोआप खाली येतो. मुंबईच्या उम्मीद या बालविकास केंद्रात, गोव्याच्या सेतूमध्ये पालकांना जोडून घेऊन काम चालतं, त्यामागे हाच अनुभव आहे. या मार्गावरून आधी गेलेली आई नव्याने आलेल्या आईला जे सांगू शकते, ते तज्ज्ञाला सांगता येत नाही.

दुसरं काम वाटून घेण्याचं. पाच आयांनी पाच वेळा हिंगोलीला जाण्यापेक्षा एकाच गाडीतून पाच मुलं नेली, तर भाडं वाटलं जातं, कागद एकमेकींचे बघून घेतले जातात आणि दवाखान्यात ‘उद्या या’ असं पाच जणींना एकदम सांगणं जड जातं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी वर्षातून एकदा शाळेत येते. हा कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून देशभर सुरू झाला आणि तपासायच्या ३० आजार-अवस्थांच्या यादीत अध्ययनाचा विकारही आहे. गाडी यायच्या दिवशी पथकाला ‘या चार मुलांकडे नीट बघा’ असं सांगायला शाळेत कोणी तरी हजर हवं. आशाताई गटात असतील तर हे सोपं जातं.

तिसरं काम घरच्या अभ्यासाचं. अमेरिकेत अ‍ॅना गिलिंगहॅम आणि बेसी स्टिलमन या शिक्षिकांनी १९३०च्या दशकात न्यूरॉलॉजिस्ट सॅम्युअल ऑर्टन यांच्या विचारावर एक पद्धत बांधली: अक्षर डोळ्यांनी बघायचं, तोंडाने आवाज काढायचा, बोटाने गिरवायचं, तिन्ही एकाच वेळी; एक आवाज पक्का झाल्याशिवाय पुढचा घ्यायचा नाही. आपल्या आजोबा-पणजोबांनी धूळपाटीवर बोटाने अक्षरं गिरवली ती काहीशी अशीच. ताटात बारीक वाळू किंवा रवा पसरून आजी नातवाकडून ‘कि’ गिरवून घेऊ शकते; त्यासाठी तिला पुस्तक वाचता येण्याची अट नाही. शाळेचा धडा कॉलेजात जाणाऱ्या ताईने फोनवर वाचून रेकॉर्ड केला, तर मूल तो चार वेळा ऐकू शकतं आणि इतिहास-परिसरात मागे पडत नाही. बालभारतीची पुस्तकं मोबाईलवर फुकट मिळतातच. फळ्यावरचं सगळं उतरवून घेण्याची शिक्षा मात्र टाळायला हवी. गुरुजींना एकट्या आईने हे सांगणं अवघड, गटाने सांगणं शक्य.

इथे एक अवघड प्रश्न येतो आणि तो टाळून चालणार नाही. ‘असर’ या शिक्षणविषयक सर्वेक्षणाच्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या साधारण निम्म्या मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत नाही. मग निम्मा वर्ग अध्ययन अक्षम आहे का? अजिबात नाही. कुणाला नीट शिकवलंच गेलं नाही, कुणी घरी बंजाऱ्यांची गोरमाटी बोली बोलतं आणि शाळेची मराठी त्याला परकी आहे. कोणी दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला जातं आणि पाडव्यानंतर परत येतं. उचल घेतलेल्या कोयत्याला पोराच्या शाळेसाठी थांबता येत नाही. अशा मुलावर अक्षमतेचा शिक्का मारणं हा अन्याय आहे. खरी अक्षमता असलेल्या मुलाला ‘सगळीच अशी आहेत’ म्हणून सोडून देणं हाही तितकाच मोठा अन्याय. यावरची वाट शिकवण्यातूनच जाते. मुलांना इयत्तेऐवजी पातळीप्रमाणे बसवून काही महिने नेटाने शिकवलं, तर बहुतेक मुलं भराभर पुढे सरकतात. तरीही जी दोन-तीन जागची हलत नाहीत, त्यांच्याकडे आधी बघायचं. मराठीतून तपासण्याची साधनंही आता आहेत. मानेसर इथल्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये ‘डाली’ नावाच्या चाचण्या आणल्या, त्या सुरुवातीच्या चार भाषांत मराठी होती. इंग्रजीची चाचणी लावून मराठवाड्यातल्या मुलाला नापास करण्याचे दिवस संपायला हवेत.

गटाच्या मर्यादाही आहेत. चार आयांनी मिळून कुणाच्या मुलाचं निदान करू नये. शेजारच्या मुलाला चष्मा लागल्यावर वाचता आलं म्हणून आपल्यालाही तेवढंच पुरेल, असं धरू नये. बाहेरच्या कुणी काढा, तेल, ताईत विकायला आणला तर गटाने तो दारातूनच परत पाठवावा. आणि बैठकीत जे बोललं जातं ते पाणवठ्यावर जाऊ नये. मुलींच्या बाबतीत तर फारच सांभाळावं लागतं. मुलगी वाचत नाही याकडे घर बहुतेक वेळा लक्षच देत नाही. ती गप्प बसते, घरकामात तरबेज असते, आठवी-नववीत शाळा सुटते आणि मराठवाड्यात पुढचा रस्ता लवकर लग्नाकडे वळतो. ‘दाखला काढला तर स्थळ येणार नाही,’ ही भीती खोटी म्हणून झटकता येत नाही. या भीतीला उत्तर म्हणून दहावी झालेल्या मुली गावाला दिसायला हव्यात. दाखल्यामुळे मुलीला दहावीच्या पेपरला जास्तीचा वेळ आणि लेखनिक मिळतो. त्यासाठी शाळेमार्फत छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय मंडळाकडे वेळेत कागद जावे लागतात. आठवीतच कोणी विचारलं नाही, तर दहावीच्या जानेवारीत धावपळ करून काही हाती लागत नाही.

बापांना या बैठकीत आणणं सर्वांत कठीण. पण एक बाप आला आणि चारचौघांत म्हणाला की मलाही वाचता यायचं नाही, मास्तरांनी वर्गाबाहेर उभं केलं आणि मी परत गेलोच नाही, तर त्याच्या मुलाच्या पाठीवरचं निम्मं ओझं त्याच क्षणी उतरतं. असे बाप प्रत्येक गावात आहेत. ते ट्रॅक्टर खोलून जोडतात, हळदीच्या कुकरचा अंदाज नजरेने घेतात, बाजारात हिशोब तोंडी करतात. आपल्या मुलासारखेच ते होते, हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही.

दिवाळीला पुसेगावातली बहुतेक माणसं घरी असतात. ऊसतोडीच्या टोळ्यांच्या गाड्या हलायला अजून थोडे दिवस असतात. तिसरीत बसणाऱ्या मुलांचे आईबाप या दिवसांत एकमेकांना भेटतातच, फराळाला, देवळात, मोंढ्यात. सुट्टी संपून शाळा उघडली की पहिल्या आठवड्यात चार घरच्यांनी मिळून मुख्याध्यापकांना भेटावं, नियमातली तिसरीची चाचपणी झाली का ते विचारावं, झाली नसेल तर तारीख मागावी, आणि त्या भेटीची नोंद शाळा व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्तात करून घ्यावी. ज्यांना ऊसतोडीला जायचंय त्यांनी या भेटीला आजीला किंवा चुलत्याला बरोबर न्यावं, म्हणजे मागे राहिलेल्या मुलाची तारीख चुकणार नाही.